जोडाची जागा

पुण्याहून फोनवर विचारतात, सगळं तपासलं का?
मी म्हणते, नाही. आणि तपासणारही नाही.
पलीकडे शांतता.
कुणीतरी चहा ढवळतंय, एवढंच ऐकू येतं.

अक्कलकोट रोड, दुसरा मजला, मे महिन्यातली दुपार.
कूलरमधलं पाणी संपलंय
आणि आम्ही पाण्याचंच ॲप करतोय:
कुठल्या गल्लीला कधी सुटणार, त्याचा मेसेज.
चार दिवसांनी एकदा. कधी पाचव्या.
हातात नऊ दिवस, दोन माणसं,
आणि हे ॲप चुकू शकेल अशा
मी मोजल्या तेवढ्या अकराशे वाटा.
त्यापुढं मोजणं सोडलं.

बाबा टॉवेलच्या कारखान्यात चेकर होते.
नरसय्या येमूल, फोल्डिंग खातं, एकतीस वर्षं ट्यूबलाइटखाली.
मी डबा घेऊन जायची तेव्हा
कापड त्यांच्या तळव्याखालून सरकत असायचं
आणि ते बघतच नसायचे,
शेजारच्याशी तेलुगूत कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलायचे.
मग एकदम बोट थांबायचं.
कसं कळलं?
"सगळं कोण बघतंय गं. सगळं बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.
लाइट गेलती तिथं बघायचं.
कांडी बदलली तिथं.
जेवून येऊन नवा पोरगा मागावर बसला, तिथं.
धागा तुटला, जोडला,
तिथं तर हात ठेवायचाच.
मधलं कापड आपलं आपण नीट असतं."

माझा कागद एकाच पानाचा झाला.
रंग फिका दिसतो: सोडा.
बटण दोनदा दाबावं लागतं: सोडा,
दोनदा दाबायची लोकांना सवय आहे.
कन्नडमधलं नाव अर्धं कापलं जातं:
नंतर, पण विसरायचं नाही.
वेळ चुकली: आधी. रोज. प्रत्येक बदलानंतर पुन्हा.
गल्लीच चुकली: त्याच्याही आधी.

सातव्या रात्री विडी घरकुलात गेले,
रामलिंग हत्तरकींच्या मागे, त्यांच्या लुनावर.
तीन वाजता त्यांनी लांब चावी फिरवली,
शर्टाला हात पुसून फोनवर अंगठा टेकवला.
मेसेज गेला. माझ्या कागदावर: पास.
मग पाइप खोकला. नुसती हवा.
शेवटच्या ओळीत लचमव्वा गड्डम
दाराशी सूप घेऊन खांबाच्या उजेडात विड्या वळत होती,
घागरी रांगेत, फोन पदराच्या गाठीत.
"काय करूलालीस गं इथं?" तिनंच मला विचारलं.
म्हटलं, तपासायला आले.
ती हसली. "तुमचं मशीन खरं बोलतंय की.
आमच्या नळाला फक्त माहीत नसतंय."
पाणी बेचाळीस मिनिटांनी आलं.
तेवढ्यात तिच्या किती विड्या झाल्या, मी मोजल्या नाहीत.
मोजायला हव्या होत्या.

पुणे म्हणालं, ज्ञात दोष म्हणून नोंदवा,
धोका मान्य आहे.
रकाना होताच तसा. खाली सहीची जागा.
धोका मान्य करणाऱ्याच्या घरात
टाकी असते, एवढं मला माहीत आहे.
सही करणार नाही म्हणावंसं वाटलं.
उरलेल्या दोन दिवसांत प्रत्येक नळाचं अंतर मोजणं जमणार नव्हतं.
मेसेजमधला एक शब्द बदलणं जमलं:
"पाणी आलं" खोडून "पाणी सोडलं".
या दोहोंच्या मध्ये होता तो जोड,
अकराशे वाटांत कुठंच नव्हता.
मग सही केली.

रात्री बाबा कडक भाकरी डाळीत मोडत होते.
"किती छाटलं?"
एक शब्द, म्हटलं.
त्यांनी मान हलवली, चांगलं काम ऐकल्यासारखी.
"आणि उरलं ते?"
उरलं ते लोक सांगतील.
त्यांचा घास हातातच थांबला.
बोट थांबायचं ना,
तसाच.